मृग लागताना येऊर

७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि ठाण्याच्या कुशीतल्या येऊरच्या डोंगरात, पावशाची हाक ऐकू येत असतानाच, शेवळे ही रानभाजी जमिनीतून वर येते. पान फुटण्याआधीच उगवणारा हा जांभळट-तपकिरी कोंब पालापाचोळ्यात सहज दिसत नाही; आदिवासी पाड्यांतल्या बायकांची नजर मात्र त्यावर नेमकी पडते. बाजारात त्यांच्याकडून जुडी घेताना मी काकड या रानझाडाची आंबट फळेही आवर्जून मागून घेते, कारण शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि काकडाच्या आंबटपणाशिवाय भाजी घशाला खाजते. कोंब उघडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, हे मला माझ्या आजीने शिकवले.

पहिला जोरदार पाऊस झाला की डबक्यांत बेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर डरांव डरांव करतात. लाल मखमली मृगाचे किडे माझ्या लहानपणी वाटेवर सहज दिसत. आता फार शोधावे लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शेवळे खुडताना कंद जमिनीतच राहू द्यावा, म्हणजे पुढच्या मृगात तो पुन्हा फुटतो.