तुम्ही विचारलंत म्हणून: पीएच कंट्रोलरचं कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं?

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कंट्रोलर, म्हणजे पाण्याचा पीएच (ते किती आम्ल किंवा अल्कली आहे याचं माप) मोजून लागेल तसं आम्ल सोडणारी पेटी, भिंतीवर बसलेला असतो, सोबत आलेले बफर, म्हणजे ज्यांच्याशी ताडून आकडा जुळवायचा (तेच कॅलिब्रेशन) ती ठरलेल्या पीएचची द्रावणं, एकदा वापरून झालेले असतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं? आम्ही दर आठवड्याला करतो, तरी आकडा सरकतोच." मी उलट विचारते, "मागच्या वेळी स्लोप किती आला होता?" बहुतेकांना आठवत नाही. स्क्रीनवर 'ओके' दिसलं आणि ते पुढे गेले.

माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. कॅलिब्रेशन करताना कंट्रोलर इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या मोजणीच्या दांडीच्या, तब्येतीचे दोन आकडे आपल्या हातात ठेवतो: ऑफसेट (शून्यापासून किती सरकला) आणि स्लोप (पीएच बदलल्यावर किती प्रतिसाद देतो). ते न वाचता पुढे जाणं म्हणजे रक्ताचा रिपोर्ट न उघडताच फाइलला लावण्यासारखं आहे. आणि तब्येत बिघडण्याची कारणं बऱ्याचदा बसवण्याच्या दिवशीच तयार झालेली असतात. म्हणून मी आधी भिंतीबद्दल बोलते, मग बफरबद्दल.

इलेक्ट्रोडच्या टोकाला काचेचा एक पातळ फुगा असतो. पाण्याच्या पीएचनुसार तो अगदी थोडा विद्युतदाब तयार करतो. पीएच 7 ला जवळपास शून्य मिलिव्होल्ट, आणि 25 अंश सेल्सिअसला पीएचच्या दर एका एककामागे 59.16 मिलिव्होल्ट. पाणी आम्लाकडे झुकलं की हा दाब धन, अल्कलीकडे झुकलं की ऋण. मिलिव्होल्ट वाचणं तसं अवघड नाही. अडचण ही, की ते ज्या काचेतून येतात तिचा रोध कोट्यवधी ओहममध्ये असतो. एवढ्या मोठ्या रोधातून येणाऱ्या सिग्नलला कनेक्टरमधला ओलावासुद्धा पळवाट पुरवतो. ही गोष्ट डोक्यात राहिली की बसवण्याचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

इलेक्ट्रोडची केबल कापून साध्या वायरने वाढवायची नाही, कारण ती शिल्ड, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूचं कवच, असलेली को-ॲक्सियल केबल असते. मोटारीच्या पॉवर केबलसोबत एकाच पाइपातून ती न्यायची नाही. म्हणून मी भिंत शेवटी निवडते. आधी इलेक्ट्रोड पाइपलाइनवर कुठे बसणार ते ठरवायचं आणि त्याची केबल ताण न देता जिथे पोहोचेल तिथे पेटी लावायची. बरेच जण आधी सोयीची, मोकळी भिंत पाहून भोकं पाडतात आणि मग केबल पुरत नाही म्हणून जोड देतात. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर असावी, थेट ऊन पडू नये, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत जावी आणि आत जाण्याआधी तिला थोडा झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी पेटीत न शिरता खाली ठिबकेल. आम्लाचा कॅन पेटीच्या खाली ठेवू नका. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बंद झाकणातूनही निसटते आणि काही महिन्यांत टर्मिनलवर हिरवट थर चढतो.

इलेक्ट्रोड बसवताना फुगा खाली हवा, आणि आडव्या पाइपात बसवायचा असेल तरी त्याचं केबलकडचं टोक आडव्या रेषेपासून निदान 15 अंश वर उचललेलं हवं. नाहीतर आतला हवेचा बुडबुडा नेमका फुग्यात येऊन बसतो. नवीन इलेक्ट्रोड काढला की तो उभा धरून खाली झटकायचा, ताप बघायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकायचे तसा. टोपीभोवती पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते पोटॅशियम क्लोराइड असतं, पाण्याने धुतलं की जातं. आणि पंप बंद झाल्यावरही काच ओली राहील अशीच जागा निवडा. पाइप रिकामा होऊन फुगा कोरडा पडत असेल तर दर आठवड्याचं कॅलिब्रेशनही त्याला वाचवणार नाही.

डोसिंगचं, म्हणजे पाइपात आम्ल सोडणाऱ्या नळीचं, तोंड इलेक्ट्रोडच्या पुढे, म्हणजे पाणी आधी इलेक्ट्रोडजवळून आणि मग आम्लाजवळून जाईल असं असावं. उलटं केलं तर इलेक्ट्रोडला न मिसळलेल्या आम्लाची धार दिसते आणि कंट्रोलर टाकीच्या पाण्याचा विचार न करता त्या धारेच्या नादी लागतो.

आता एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतर माझी काम करण्याची पद्धत बदलली. पाणी 6.8 वर ठेवायचं होतं, आम्ल डोस करून. मी संध्याकाळी इलेक्ट्रोड बदलला, कॅलिब्रेशन व्यवस्थित झालं. जागेवर बसवताना केबलचा कनेक्टर ओल्या हाताने फिरवून घट्ट केला. स्क्रीनवर 7.00 दिसत होतं. पाच मिनिटं थांबले, आकडा हलला नाही. मला वाटलं, काय सुंदर स्थिर रीडिंग आहे! पंप ऑटोवर टाकून मी निघाले.

सकाळी आम्लाचा कॅन रिकामा होता. हातातल्या मीटरवर टाकीचं पाणी पीएच 4 च्या खाली, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर अजूनही 7.00. कनेक्टरच्या मधल्या पिनेभोवती पाण्याचा एक थेंब होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याने मधली पिन आणि बाहेरचं कवच जोडून टाकलं होतं. शॉर्ट झालेल्या कनेक्टरवर शून्य मिलिव्होल्ट येतात आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे कंट्रोलरच्या भाषेत पीएच 7. कंट्रोलरला रात्रभर पाणी सेट पॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या 6.8 च्या, वर दिसत राहिलं आणि तो इमानदारीने आम्ल सोडत राहिला. टाकीतलं सगळं पाणी उदासीन करून काढून टाकावं लागलं. चूक पूर्ण माझी होती. दोन गोष्टी मी तपासल्या नव्हत्या: कनेक्टर कोरडा आहे का, आणि पंप सलग किती वेळ चालू शकतो याची मर्यादा भरली आहे का.

तेव्हापासून स्थिर आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, हलणाऱ्या आकड्यावर ठेवते. इलेक्ट्रोड 7 च्या बफरमध्ये 7 दाखवतो यावरून काहीच कळत नाही, तुटलेला फुगाही बऱ्याचदा 7 च्या आसपासच दाखवतो. तो 4 च्या बफरमध्ये घातल्यावर खाली येतो का, किती वेळात येतो, ते बघायचं. हीच युक्ती उलटीही वापरता येते. इलेक्ट्रोड काढून कंट्रोलरच्या सॉकेटची मधली पिन आणि कवच वायरच्या तुकड्याने जोडा. 7 च्या आसपास स्थिर आकडा आला तर कंट्रोलर बहुधा ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा इलेक्ट्रोडमध्ये शोधा.

आता कॅलिब्रेशन. पहिलं काम, डोसिंग बंद. हे सांगायला हवं का असं वाटेल, पण इलेक्ट्रोड 10 च्या बफरमध्ये असताना कंट्रोलर ऑटोवर राहिला, तर त्याच्या लेखी पाणी भयंकर अल्कलाइन झालेलं असतं आणि इकडे आपण बफर हलवत असताना तिकडे टाकीत आम्ल पडत राहतं. काही कंट्रोलर कॅलिब्रेशनच्या मेनूत गेल्यावर रिले (पंप चालू-बंद करणारा आतला स्विच) आपोआप थांबवतात. तरीही मी पंपाचा स्विच हाताने बंद करते.

बफर बाटलीतून छोट्या कपात ओतून घ्यायचा आणि वापरलेला परत बाटलीत टाकायचा नाही. आधी 7, मग 4 किंवा 10, तुमचं पाणी ज्या बाजूला असेल तो. मध्ये डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं आणि टिश्यूने नुसतं टिपायचं. काच घासली की तिच्यावर स्थिर विद्युत येते आणि आकडा उगाच तरंगत राहतो. 10 चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकतो, म्हणून उघडी राहिलेली बाटली मी सरळ टाकून देते. बफरचं तापमानही बघा. बाटलीवर 10.01 लिहिलेलं असतं ते 25 अंशांसाठी, 20 अंशांना तोच बफर 10.06 असतो. 7 चा 20 अंशांना 7.02 होतो, 4 चा फारसा हलत नाही. बाटलीवर तक्ता छापलेला असतो आणि तो वाचणारे फार कमी भेटतात. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर जोडला की सगळं आपोआप होतं अशीही समजूत असते. तो सेन्सर इलेक्ट्रोडचा स्लोप दुरुस्त करतो. तापमानामुळे पाण्याचा स्वतःचा पीएच बदलतो तो बदल खराच असतो, आणि तो स्क्रीनवर दिसायलाच हवा.

आता ते दोन आकडे. समजा 25 अंशांना 7 च्या बफरमध्ये 6 मिलिव्होल्ट आले आणि 4.01 च्या बफरमध्ये 172. पहिला आकडा म्हणजे ऑफसेट, 6. फरक 166, तो 2.99 एककांवर वाटला की 55.5. तो 59.16 च्या सुमारे 94 टक्के, हा झाला स्लोप. असा इलेक्ट्रोड मी निर्धास्तपणे परत बसवते. ऑफसेट 30 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला किंवा स्लोप 85 टक्क्यांच्या खाली आला तर कंट्रोलरने 'ओके' म्हटलं तरी मी म्हणत नाही. आधी सफाई: क्षारांसाठी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, तेलकटपणासाठी सौम्य डिटर्जंट, मग 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर भिजवणं. तरीही सुधारला नाही तर नवा इलेक्ट्रोड. डिस्टिल्ड पाण्यात मात्र तो कधीही ठेवू नका, आतले क्षार बाहेर झिरपतात.

बफरमध्ये बरोबर आणि टाकीत चूक, ही तक्रार वेगळी. अशा वेळी लोक टाकीतला आकडा जुळवायला पुन्हा कॅलिब्रेशन करतात आणि चांगल्या इलेक्ट्रोडचा हिशोब बिघडवून ठेवतात. टाकीतलं पाणी बादलीत घ्या आणि इलेक्ट्रोड तिथे बुडवा. बादलीत बरोबर येत असेल तर पाण्यातून कुठूनतरी गळका विद्युतप्रवाह येतोय. एकेक मोटार बंद करत जा, ज्या मोटारीला आकडा उडी मारेल तिचं इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून घ्या. हा नुसता रीडिंगचा प्रश्न नाही, त्या पाण्यात कुणाचा तरी हात जाणार असतो.

सेटिंगबद्दल थोडक्यात. पीएचचं माप लॉगॅरिदमिक आहे. सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने ते 1909 मध्ये मांडलं तेव्हापासून एका एककाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा पटींचा फरक. म्हणून सेट पॉइंटजवळ सौम्यपणे जायचं. 7.2 हवं असेल तर पंप 7.3 ला सुरू आणि 7.2 ला बंद, एवढं अंतर ठेवा. नाहीतर रिले टकटक करत राहतो. डोस झाल्यावर पाणी मिसळून इलेक्ट्रोडपर्यंत परत यायला जो वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा आणि तेवढी विश्रांती सेटिंगमध्ये द्या. सलग डोसिंगची मर्यादा भरा. पाण्याचा प्रवाह थांबला की डोसिंगही थांबेल अशी फ्लो स्विचची जोडणी करा, विशेषतः त्याच लाइनवर सोडियम हायपोक्लोराइट सोडत असाल तर. साचलेल्या पाण्यात ते आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि पाणी पुन्हा सुरू झालं की तो माणसांपर्यंत पोहोचतो.

तर, किती दिवसांनी? नवीन इलेक्ट्रोडला पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा बफरमध्ये तपासा. आकडा 0.1 च्या आत असेल तर काहीही बदलू नका, फक्त वहीत तारीख, ऑफसेट, स्लोप आणि 4 वर स्थिरावायला लागलेले सेकंद लिहा. तीन-चार ओळी झाल्या की तुमच्या पाण्यात तो किती वेगाने सरकतो ते दिसायला लागतं. स्वच्छ पाण्यात मला महिन्यातून एकदा पुरतं, चिकट किंवा क्षार धरणाऱ्या पाण्यात दर आठवड्याला सफाईच करावी लागते. सेकंद वाढत गेले तर समजा की काच किंवा जंक्शन (इलेक्ट्रोडच्या आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला टेकतं तो छिद्रांचा भाग) चोंदतंय, स्लोप अजून चांगला दिसत असला तरी.

काम संपलं की कनेक्टर कोरड्या टिश्यूने पुसते, कोरड्या हाताने फिरवते. टाकीचा नमुना घेऊन हातातल्या मीटरवर बघते, तो स्क्रीनशी जुळला की मगच पंप ऑटोवर. पहिला डोस पडेपर्यंत दोन बोटं डोसिंगच्या नळीवर ठेवून थांबते. नळी एकदा थडकते, थोडा वेळ जातो, स्क्रीनवरचा आकडा शेवटच्या अंकात खाली हलतो. मग पेटीचं झाकण लावते.