आईची रातपाळी

दिमोना, रविवार रात्र

आईच्या शिव्हाचे, म्हणजे आम्हा ज्यूंच्या सुतकाचे, सात दिवस आज सकाळी संपले. आरशांवरच्या चादरी काढल्या, शेजारणींची भांडी ज्याची त्याला परत पाठवली. आठवडाभर येणारा जाणारा एकच बोलत होता, "फार कष्ट काढले हो तुमच्या आईनं." खोटं नाही ते. पण त्या आवाजात जी कीव असते ना, ती आईला कधी खपली नाही. ती असती तर "चहा घ्या" म्हणून आत निघून गेली असती.

तिचं माहेर अलिबागजवळ. तिच्या आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता; शनिवारी तो बंद, म्हणून गाव आम्हा बेने इस्राएलांना, कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचं. लग्न होऊन ती मुंबईला आली. बाबा सॅसूनच्या एका गिरणीत कारकून. शाई-कागदाची नोकरी, त्याचा त्यांना केवढा अभिमान! चाळीतली कुणाची बायको गिरणीत जायला लागली तर घरात हळू आवाजात बोलणं व्हायचं.

आणि 1963 साली इथं इस्राएलला आल्यावर गिरणीत गेली ती आमची आईच.

दिमोना तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं गाव होतं. नेगेवचं वाळवंट, एकासारख्या एक इमारती आणि वारा. बाबांना प्रार्थनेपुरती हिब्रू यायची, पण तेवढ्यावर हिशेबाच्या वह्या कोण हातात देणार? ते रस्त्याच्या कामावर गेले आणि पहिला हिवाळाभर कुणाशी धड बोलले नाहीत. आईनं मात्र चौकशी केली, सूतगिरणीत बायका घेतात असं कळलं, आणि साडीला पिन लावून गेली. साडी यंत्रात अडकेल म्हणून त्यांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोरोक्कन बाईचा झगा घालून गेली.

ती बाईही परवा आली होती, काठी टेकत. तिनं सांगितलेलं मला माहीतच नव्हतं. दोघी एकाच पाळीला. हिला अरबी येत नाही, तिला मराठी येत नाही, हिब्रू दोघींची मोडकी. चात्यांवरचं सूत तुटलं की सांधायचं, हे आईला तिनं हातानं दाखवून शिकवलं. महिन्याभरात आईचा हात तिच्याहून जलद चालायला लागला, "आणि मग ती मला शिकवायला लागली, शहाणी!" सगळे हसले. शिव्हात इतकं हसू नये बहुतेक.

रातपाळीहून आई पहाटे यायची, केसांत कापूस. आमचे डबे भरायची, मग झोपायची. स्वयंपाक तिचा यथातथाच होता, हे आता लिहायला हरकत नाही. रोश हशानाला, आमच्या नववर्षाला, चिकचा हलवा तेवढा जीव ओतून करायची. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घोटायला बाबांना बसवायची. पगार स्वतः मोजायची. लिरांच्या नोटा टेबलावर मांडून, भाडं, वाणी, आमची पुस्तकं. त्यातल्या थोड्या स्वतःच्या पर्समध्ये, कुणाला न विचारता.

एकदाच तिनं पाळी बुडवली. धाकट्या मावशीचं लग्न अडलं होतं. आमच्या लोकांचं कूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासल्याशिवाय इथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, लग्न लावेनात; आम्ही खरे ज्यू का, हीच त्यांना शंका. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तिथं आईही जाऊन बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, इथल्या संसदेनं, ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. "दोन हजार वर्षं शनिवार पाळला, हे यांना ऑगस्टात कळलं," असं ती पुढे कित्येक वर्षं म्हणायची. मावशीचं लग्न झालं. बुडालेल्या दिवसांचा पगार मात्र तिनं आम्हाला दर वेळी आकड्यासकट ऐकवला.

नातवंडांशी ती मराठीत बोलायची आणि ती हिब्रूत उत्तर द्यायची. भांडणंसुद्धा अशीच व्हायची. माझा मुलगा सैन्यात निघाला तेव्हा घरी मलिदा केला. पोहे, साखर, नारळ, फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं गाणं, सगळं यथासांग. आजीनं ताट पाहून म्हटलं, "खोबरं पाकिटातलं घातलंस ना?" नातवाला मात्र जवळ घेऊन पर्समधून पैसे दिले.

महिना झाला की दगड बसवायचा आहे. भाऊ म्हणतो, "त्यागमूर्ती माता आणि आजी" असं कोरून घेऊ, हिब्रूत. मी म्हटलं, नाव घाल, माहेरचं गाव घाल, खाली "सूतगिरणी कामगार" घाल, आणि एक ओळ मराठीत, कोकणातल्या आपल्या जुन्या कबरींवर असते तशी. तो चिडला. आईच्या कबरीवर कामगार लिहायचं? अगदी बाबांसारखा दिसत होता तेव्हा.

उद्या दगडवाल्याकडे मीच आधी जाणार आहे.