तुम्ही विचारलंत म्हणून: केस सोडवून सर्जन तयार होतो का?

"नुसत्या केस सोडवत बसून सर्जन कसा तयार होणार हो सर, हात तर ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच बसतो ना?" एमएसला, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाला नवीन आलेली मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, माझ्या बरोबरीचे सर्जनसुद्धा विचारतात. हात ओटीतच बसतो, वादच नाही. गाठ शिकायची तर कॉटच्या दांड्याला दोरा बांधून मारत बसावं लागतं, तिथे चर्चेचा काही उपयोग नाही. पण कधी थांबायचं, कधी पुन्हा पोट उघडायचं हे नुसत्या हाताला कळत नाही.

मी मुलांना गटात बसून सोडवायला केस देतो, प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग म्हणतात याला, त्यातला एक प्रॉब्लेम सांगतो. आतड्याचा तुकडा काढून जोड दिलेला पेशंट, ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस, नाडी 118, ताप थोडासाच, पोट मऊ, पेशंट म्हणतो बरं वाटतंय. पहिल्या कागदावर एवढंच. सात-आठ जण बसतात, कुणी म्हणतं छातीत कफ असेल, कुणी म्हणतं सलाईनची जागा बघा, कुणाला वाटतं दुखत असेल म्हणून नाडी वाढलीय, आणि मी गप्प. फळ्यावर लिहितात काय माहितीये, काय शंका आहे, काय वाचून यायचंय. मग कुणीतरी विचारतं, काल नाडी किती होती? की मी दुसरा कागद पुढे करतो, परवा 88, काल 102. एकदम सगळे सरसावून बसतात. जोड लीक होत असेल तर बऱ्याचदा आधी नाडी वाढते, पोट मागून बोलतं, आणि पेनकिलर चालू असतील तर आणखीच उशिरा. हेच मी लेक्चरमध्ये सांगितलं असतं तर वहीत जाऊन पडलं असतं, इथे त्यांनी ते स्वतः विचारून काढलेलं असतं.

ही पद्धत 1969 साली कॅनडात, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झाली, पुढे तिथेच हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनी ती खूप वाढवली. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएस कॉम्पिटन्सीवर, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर आधारित झालं, चांगलंच झालं, पण सर्जरीच्या पीजीत मी पाहिलंय तिथे तरी हे सगळं युनिट हेडच्या इच्छेवरच चालतं.

आणि रात्री दोनला वॉर्डात पहिल्या वर्षाचा रेसिडेंटच असतो हो, सिस्टर नाडी सांगते, सिनियरला आत्ता उठवायचं की सकाळच्या राऊंडपर्यंत थांबायचं हे त्यालाच ठरवायचं असतं. म्हणून मी प्रत्येक युनिटला सांगत असतो, आठवड्यातला एक तास यासाठी काढा, केस आपल्याच वॉर्डातली घ्या, आणि पोरांनी विचारल्याशिवाय दुसरा कागद देऊ नका.