"हॉटेल जबाबदार राहणार नाही" म्हणे

कोकणात कुठल्याही लॉजवर जा, काउंटरमागे ती पाटी असतेच, काही झाल्यास हॉटेल जबाबदार राहणार नाही. माणसं ती वाचतात आणि खरंच काही झालं की गप्प बसतात, याचा मला फार राग येतो.

दिवाळीच्या सुट्टीत दापोलीकडे आम्ही सगळे उतरलो होतो. सकाळी वहिनी आंघोळीला गेली ती बाहेरच येईना, हाका मारल्या तर ओ नाही, शेवटी दादाने धक्के मारून कडी तोडली तर ती खाली पडलेली. पडवीत मोकळ्या हवेत आणून झोपवली, थोड्या वेळाने डोळे उघडले, मग उलट्या आणि डोकं प्रचंड ठणकतंय. मॅनेजर आला आणि म्हणतो, "रिकाम्यापोटी चक्कर आली असेल, लिंबूपाणी द्या." मी आत जाऊन बघितलं तर गॅसचा गिझर बाथरूमच्या आतच, आणि वरच्या झरोक्यात डास येतात म्हणून थर्माकोल कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली!

बंद जागेत एलपीजी जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे कळतच नाही, माणूस सरळ कोसळतो. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गिझर कुठे आहे हाच, आणि लगेच ऑक्सिजन लावला.

परत आल्यावर मॅनेजर म्हणाला, बिल देऊ नका, पण विषय वाढवू नका. दादा तयार होता, म्हणाला जाऊदे गं, लहान धंदा आहे त्यांचा. मला ते अजिबात पटलं नाही. बिल माफ केल्याने झरोका उघडत नाही ना, उद्या त्याच खोलीत कुणीतरी लेकराला आंघोळीला पाठवणार आहे. मी बिल भरलं, पावती घेतली, झरोक्याचे, गिझरचे फोटो काढले, काय घडलं ते तारीख-वेळेसकट लिहून मॅनेजरची सही मागितली (खूप आढेवेढे घेतले, पण केली), आणि केसपेपर जपून ठेवला.

आणि त्या पाटीचं म्हणाल तर, दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली पार्किंगला दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली होती, टोकनवर "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं होतं, तरी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेलचा हलगर्जीपणा असेल तर अशा छापील ओळीमागे लपता येणार नाही. गाडीसाठी हे आहे, मग माणसाच्या जिवाचं काय?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, दापोलीला खेपा घालायची गरज नाही, मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावा.

आमची तक्रार गेली आहे. दवाखान्याचा खर्च आणि सगळ्या खोल्यांचे गिझर बाहेर बसवून नळी आत घ्यायची, एवढंच मागितलंय.