रोहित बघायला गेलो आणि निवटीपाशी अडकलो

ऐरोलीच्या खाडीत बोटीने नेऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवतात, एवढं ऐकून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळीच धक्का गाठला. बोट घड्याळावर नाही, भरतीवर सुटते हे लक्षातच घेतलं नव्हतं. समोर ठणठणीत सुकती, बोटी चिखलात बसलेल्या.

"पाणी यायला दोन तास लागतील," बोटवाले काका म्हणाले.

मग बसलो कठड्याला टेकून. जरा वेळाने लक्षात आलं, खालचा चिखल हलतोय. वीतभर लांबीचे, चिखलाच्याच रंगाचे मासे पुढच्या दोन परांवर कुबड्या टेकल्यासारखे सरकत होते.

"निवटी ती," काका म्हणाले.

धक्क्याला अगदी लागून एक होती. 'नाही, नाही' म्हणताना हलवावी तशी मुंडी डावी-उजवीकडे फिरवत ती चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खात होती. मागे नागमोडी रेघ उमटत होती. ('छोटा रोहित' या जातीचे रोहितही असलंच सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. म्हणजे पंगत एकच!) मध्येच तिने बेडकासारखे वर आलेले डोळे खोबणीत ओढून घेतले, ओले केले आणि पुन्हा वर काढले. मग कुशीवर लोळून अंग भिजवून घेतलं. कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर ओलं असलं, की तिला हवेतूनच श्वास घेता येतो. पलीकडे एक नर पाठीवरचं निळसर ठिपक्यांचं पर उभारून टणकन उडी मारत होता, मादीला दिसावं म्हणून.

इथल्या निवटीचं शास्त्रीय नाव द्युसुमिए या फ्रेंच व्यापाऱ्यावरून पडलंय, १८३७ सालचं. काकांना त्याचं काही नव्हतं. "बिळाला दोन तोंडं असतात. एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यात हात घालायचा. राखेत घोळवल्याशिवाय बुळबुळ जात नाही. मग आंबट कालवण. पण आता हाताला निवटीआधी प्लास्टिकची पिशवीच लागते."

या ठाणे खाडीला २०१५ साली रोहित अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. धक्क्याखाली मात्र वेफर्सची पाकिटं तशीच.

पाणी चढू लागलं तशा निवट्या एकेक करून बिळात गेल्या. बोट निघाली, रोहितही दिसले, शेकड्यांनी, गुलाबी. सुंदरच. घरी येऊन फोन पाहिला: रोहितांचे चार फोटो, निवटीचे छत्तीस. त्यातले तीस नुसत्या बिळाचे.