रॉक कॉन्सर्टला उभं कुठं राहायचं? बॅरिकेडपासून कन्सोलपर्यंतची एक संध्याकाळ

तिकिटावर छापलेली वेळ बहुतेकदा गेट उघडण्याची असते, बँड स्टेजवर येण्याची नव्हे. गेट पाचला उघडलं तर सपोर्ट बँड सात-साडेसातला आणि मुख्य बँड नऊच्या आसपास, असा अंदाज धरला तर फारसा चुकत नाही. म्हणजे स्टँडिंगचं (उभ्यानं पाहण्याचं) तिकीट काढणाऱ्याला पाच-सहा तास पायांवर काढायचे आहेत. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत, आणि लेसला दुहेरी गाठ मारावी. ती का, ते पुढं कळेल.

तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्यावं. गेटपाशी हजारो फोन एकाच टॉवरवर तुटून पडलेले असतात, तिथं ॲप उघडता उघडत नाही. स्क्रीनशॉटवरही विसंबू नये. अनेक ॲपमधला कोड थोड्या-थोड्या वेळानं बदलतो आणि जुना कोड स्कॅनर घेत नाही. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांना एकत्रच शिरावं लागतं, म्हणून ज्याचं त्याला आधीच ट्रान्सफर करून टाकावं. बॅग शक्यतो नेऊच नये. नेलीच तर ए-फोर कागदापेक्षा मोठी नको, नाहीतर परत फिरण्याची वेळ येऊ शकते. पाण्याच्या बाटलीचं झाकण गेटवर काढून घेतलं तर वाद घालू नका. झाकण लावलेली भरलेली बाटली कुणी भिरकावली तर दगडासारखी लागते. उघडी असेल तर पाणी वाटेतच सांडतं.

आत शिरल्यावर नवखा माणूस पळत सुटतो तो थेट बॅरिकेडकडं, म्हणजे स्टेजसमोरच्या कठड्याकडं. तिथून गिटारवाल्याची बोटं दिसतात, मॉनिटरशेजारी (बँडला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरशेजारी) गॅफर टेपनं चिकटवलेला गाण्यांच्या यादीचा कागदही दिसतो. पण ऐकायला ती जागा फार चांगली नाही. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना माळेसारखे उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडं असतो. पुढच्या दोन-चार रांगांना स्टेजच्या कडेवर ठेवलेले लहान स्पीकर, थेट ड्रम आणि गिटारचे अँप एवढंच मिळतं. गायकाचे शब्द त्यात बुडतात. शिवाय एकदा तिथं रोवून उभं राहिलं की पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. जागा सोडली की गेलीच.

ऐकायलाच आला असाल तर साउंड कन्सोल, म्हणजे सगळे आवाज जुळवण्याचं टेबल, शोधा. मोठ्या मैदानात तो बहुधा मध्यरेषेच्या आसपास, स्टेजपासून तीस-चाळीस मीटरवर, कठडा घातलेल्या मांडवात असतो. इंजिनियर त्याच्या कानाला जे येतं त्यावरून मिक्स करतो, म्हणून त्या कठड्याला पाठ टेकून उभं राहणाऱ्याला जवळपास तेच ऐकू येतं. पाठीमागून रेटाही येत नाही. कन्सोलच्या मागं मात्र जाऊ नये. मांडवानं स्टेज झाकलं जातं. अजून एक बारकावा: सब-वूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) डाव्या-उजव्या बाजूला रचलेले असतील तर दोन्हींचा बेस बरोबर मध्यरेषेवर जुळतो आणि तिथं तो सगळ्यात जड लागतो. पोटात हादरा हवा असेल तर मध्यावर राहा, गाणं स्वच्छ हवं असेल तर पाच-सात पावलं बाजूला सरका.

त्याहून मागं गेलात तर ड्रमरची काठी आधी पडताना दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर जवळपास ०.३ सेकंदाचा उशीर. म्हणूनच मैदानात मध्ये जादा स्पीकरचे टॉवर उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात. टॉवरच्या अलीकडं, स्टेजच्या बाजूला उभं राहिलं तर दोन आवाज फाटून ऐकू येतात. पलीकडं दहा-पंधरा मीटर गेलं की जुळतात.

कानांचं गणित कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी घातलेली मर्यादाही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल एवढीच आहे, आणि शो चालतो दोन तास. म्हणून कानात प्लग हवेतच. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, विरुद्ध बाजूच्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागं ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला तर नीट बसला. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो नसल्यातच जमा. फोममुळं झांजा बोथट होतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळेच सूर साधारण सारखे खाली आणतात, तेच बरे.

सपोर्ट बँडनंतरच्या अर्ध्या तासात सगळं मैदान एकदम स्वच्छतागृहाकडं निघतं. त्यांची शेवटची दोन गाणी चालू असतानाच जाऊन यावं. त्या बँडवर अन्याय होतो, पण इलाज नाही.

दिवे गेले की गर्दी पुढं सरकते, आणि इथं चेष्टा नको. १९७९ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाआधी दारापाशी ११ जण जिवानिशी गेले. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्डला पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना नऊ. अशा चेंगराचेंगरीत माणूस उभ्या उभ्याही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच राहत नाही. हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नसेल किंवा पाऊल न उचलता आपण सरकत असू, तर निघायची वेळ झाली. मुठी छातीसमोर धरा, एक पाय पुढं ठेवा, रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका. रेटा ओसरला की तिरके बाजूला सरका. पडलेला फोन उचलायला वाकू नका. सुटलेली लेस बांधायलाही नाही. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या नाचत्या गर्दीत, कुणी पडलं तर शेजारच्यांनी त्याला ताबडतोब उभं करायचं, हा तिथला अलिखित नियम आहे आणि तो पाळला जातो.

मोबाइलवर अख्खं गाणं टिपू नका. बेसनं आवाज फाटतो, आणि मागच्याला तुमचा हातच दिसत राहतो.

बँड आत गेला तरी दिवे बंदच असतील तर अजून एक-दोन गाणी बाकी आहेत. मैदानाचे दिवे लागले, रेकॉर्डेड गाणी सुरू झाली आणि मंडळी केबल गुंडाळू लागली की संपलं. मग एक तर लगेच निघा, नाहीतर अर्धा तास बसून राहा. मधल्या वेळेत निघणारा लोंढ्यात अडकतो. भेटायची जागा दुपारीच ठरवा, आणि ‘गेटबाहेर’ असं मोघम नको, खांबाचा नंबर हवा. नेट चालत नसताना साधा मेसेज बऱ्याचदा जातो.

दोन दिवसांनंतरही कानात शिटी वाजत राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा, आणि तोवर हेडफोन कपाटातच राहू देत.