३.३ फॅटची पावती

तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

मी बेळगावात सॉफ्टवेअरचं काम करतो, आमची छोटी टीम गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचा प्रोग्रॅम देते. दूध घातलं की लिटर आणि फॅट मशीनवरून येतं, दरपत्रकातून दर निघतो, पावती छापते, दहा दिवसांनी बिल. निपाणीकडच्या एका गावातनं सचिवांचा फोन आला, एक मावशी रोज भांडतायत, या एकदा. गेलो. मावशींनी पिशवीतनं पावत्यांचा गठ्ठा काढला. "हे बघ बाळा, माझं फॅट ३.३, जावेचं ३.२, आणि दर दोघींना एकच? भिंतीवरच्या कागदात तर वेगळा हाय की." दर ज्यावर ठरतो ते एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, तेही बघितलं, दोघींचं सारखंच. सचिव म्हणाले कॉम्प्युटर चुकत नाही. हे ऐकलं की मला रागच येतो, कॉम्प्युटर आम्ही सांगतो तेच करतो आणि आम्ही चुकतो.

तिथेच लॅपटॉप उघडला. दरांचा तक्ता कोडमध्ये ३.० पासून दर वेळी ०.१ मिळवत बनवलेला. आता ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या आकड्यांत, नेमका बसतच नाही, जसा एकाला तीनने भागलं की आपला दशांश संपत नाही तसं. ३.१, ३.२ पर्यंत निभावतं, तिसऱ्या बेरजेला उत्तर येतं ३.३००००००००००००००३. मशीनवरून आलेलं ३.३ त्याच्यापेक्षा केसभर कमी, म्हणून प्रोग्रॅम एक ओळ खाली उतरून ३.२ चा दर लावतो. ३.४ ला ३.३ चा, ३.५ ला ३.४ चा. स्क्रीनवर एकच दशांश दिसतो, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं बरोबर. आमची टेस्ट ३.० आणि ३.२ वर होती, पास झाली. तो कोड तपासून ओके मी दिलेला.

२५ फेब्रुवारी १९९१ ला सौदीतल्या धहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ याच ०.१ पायी चुकलं होतं, १०० तास सलग चालू राहिल्यावर साधारण ०.३४ सेकंदांचा फरक पडला, येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक गेले. हे मी कॉलेजात परीक्षेसाठी लिहिलंय, मार्कही मिळाले, आणि तरी माझ्याच टेबलावरून ही चूक निघून गेली. १९६८ ला जर्मनीत गार्मिशच्या परिषदेत लोकांनी सॉफ्टवेअरच्या कामाला इंजिनिअरिंग म्हणावं असं धरलं ते उगाच नाही, पूल बांधणारा दोन जागी दाबून बघून गाडी सोडत नाही.

आता फॅट ३.३ ऐवजी ३३ असं पूर्णांकात ठेवतो, रक्कम रुपयांऐवजी पैशांत, आणि दरपत्रकाच्या एकूणएक ओळीची टेस्ट. हे दोन दिवसांचं काम होतं.

संस्थेचं म्हणणं पुढच्या बिलापासून बरोबर करा, जुनं उकरू नका. मला ते पटलं नाही, लोकांचे पैसे आहेत ते. मावशींनी पावत्या परत पिशवीत घालताना एवढंच विचारलं, "मग मागचं कसं रे?" चौदा महिन्यांचा डेटा काढलाय, नावानिशी फरकाची यादी तयार आहे, सोमवारी ती घेऊन परत गावात जातोय.